टाकी क्रमांक ७३९३९१३३

समत्रेदियाच्या यार्डात, शेवटच्या सायडिंगला,
ब्रेक धरत नाही म्हणून बाजूला काढलेली
तेलाची एक टाकी, बाकूहून बातुमीला निघालेली.
माझं काम नंबर उतरवून घेणं.
घेतला.

टाक्यांचे नंबर सातानं सुरू होतात
आणि शेवटचा अंक असतो पहाऱ्याचा:
एक सोडून एक अंक दुप्पट करायचा,
अठरा आले तर एक नि आठ मिळून नऊ,
मग सगळ्यांची बेरीज, आणि पुढच्या दशकाला
जे कमी पडेल ते शेपटाला लिहायचं.
मी बेरीज केली. छत्तीस.
म्हणजे शेवटी हवा होता चार,
आणि टाकीवर होता तीन.
रंगाऱ्याचं पोर नवीन असेल,
किंवा थंडी.

फॉर्म भरला असता, तर चहा निवायच्या आत काम संपतं.
पण कुताईसीला मी दोन वर्षं गणित शिकले होते
(तिसऱ्या वर्षी वडील गेले, मग ही खिडकी, हे रजिस्टर)
आणि चुकलेल्या अंकाला
काही न विचारता खोडणं मला जमत नाही.

दोन? नाही. तीन? अंकांची बेरीज अडतीस, नाही.
सातानं भागलं, बाकी दोन.
मग मूळ संख्यांचं जुनं कोष्टक, दोऱ्यानं शिवलेलं,
आणि मालगाड्यांच्या मधल्या वेळात
मक्याच्या भाकरीच्या कागदावर भागाकार.
आठ हजार सहाशेच्या अलीकडे थांबता येतं:
त्यापलीकडे कुणी भाग लावणारा असता
तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता.
हजाराच्या वर दारं ठोठावली, एकोणीस रात्री.
एकही उघडलं नाही.

विसाव्या रात्री रिओनीवरून धुकं आलं
आणि शेवटचा तीन गिळून बसलं.
उरलं ते मी सवयीनं तपासलं. तेही मूळ.
मग मीच अंगठा धरला पुढच्या अंकावर,
मग त्याच्या पुढच्या:

७३९३९१३
७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७

कुठंही तोडा, उरलेलं तुटत नाही.
आमच्या बाकावरूनही असेच उठत गेले,
धाकटा आधी. मी थोरली.
पण ते असो.

मग उलट पाहिलं: उजवीकडे आणखी एक अंक लावला तर?
सम अंक आणि पाच, विचारायलाच नको.
एक लावा, तिनानं जातो. सात लावा, तिनानं जातो.
तीन आणि नऊ यांनी मला आणखी बऱ्याच रात्री जागवलं,
शेवटी तेही फुटले.
म्हणजे ही वाट इथंच संपते.
आठ अंकांवर उभी, पुढे पाऊल नाही.
आणि हे सगळं कुणाच्या तरी गारठलेल्या हातून
चुकून.

बेसारिओन आला, बूट आपटत.
"नातेला, महिना होत आला. ब्रेक झालाय. नंबरचं काय?"
त्याला सांगावंसं वाटलं.
त्याच्या मिशीवर दव होतं, हातात शिट्टी होती.
म्हटलं, "चूक आहे. चार हवा."

ओनिसे डबा घेऊन आला, तिनावर चार चढवला.
आता दोनानं जाते. तिनानंही.
कुणालाही, कशीही वाटून घेता येईल अशी
शहाणी, नियमातली टाकी.
सकाळी सहा दहाला बातुमीकडे गेली.
रंग ओला होता, चारामागे तीन दिसत होता
सिग्नलपर्यंत तरी.

रजिस्टरात लिहिलं:
अंक दुरुस्त केला.
बाकी काही नाही.